क्लोव्हिसने धूळ साफ केली तेव्हापासून

१२ सप्टेंबर, गुरुवार

आणि वर क्लोव्हिस मलाच विचारतो, कुठलं बटण दाबलंस म्हणून. मी कुठलंच बटण दाबलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि काँप्युटरला जोडलेलं पातं आपलं रबर कापत होतं. हॅचबाईंच्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड. वर ओकची पानं, मध्ये नाव, खाली दोन ओळींची प्रार्थना. पानं सगळी कापून झाली, एच झाला, ए झाला, आणि पडदा निळा. त्यावर ते तोंड पाडलेलं चिन्ह आणि खाली लिहिलेलं, तुमच्या काँप्युटरला अडचण आली आहे. अडचण त्याला कसली, अडचण मला. पातं रबरात रुतून बसलं आणि अख्खी चादर फुकट गेली.

क्लोव्हिस म्हणतो, दोष विंडोजचा आहे. क्लोव्हिस म्हणजे माझा माजी नवरा. या गावात काँप्युटर दुरुस्त करणारा तोच एक आहे, नाहीतर त्याला मी आमच्या गालेत्तींच्या दगडकामाच्या शेडच्या फाटकातही उभा केला नसता. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाला आणि आता तळघरात बसून लोकांचे काँप्युटर उघडतो. आमचाही त्यानेच सुटे भाग जोडून बांधला, तीन वर्षांपूर्वी. आणि तीन वर्षं तो बैलासारखा चालला, खोटं कशाला बोलू. हळू होता. सकाळी बटण दाबून मी कॉफी आणायला जायची, मालकाशी, अल्डोशी, हवामानावर बोलायची, परत यायची, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. पण पडला कधी नाही.

ऑगस्टमध्ये मी बहिणीकडे मेन राज्यात गेले होते. मागे क्लोव्हिस आला आणि अल्डोला म्हणाला, दगडाची धूळ आत जाते, साफ करून ठेवतो. मी परत आले तेव्हापासून बटण दाबलं की हजर, कॉफी आणायलाही वेळ मिळत नाही. आणि तेव्हापासूनच पडतोय. साधी धूळ झटकायलाही अक्कल लागते म्हणायची.

डॉक्टरीण म्हणाली होती, राग आला की लिहून काढा, रक्तदाब उतरतो. इतकं लिहिलं. उतरला असं वाटत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

विंडोज पुसलं आणि नव्याने घातलं. तिसऱ्यांदा. दर वेळी त्याच्याबरोबर माझी अक्षरंही जातात, वेली, क्रूस, देवदूत, उड्या मारणारे मासे सगळे जातात, आणि मग मी दोन दिवस ते परत भरत बसते. हरणं सगळ्यात जास्त. या राज्यात पुरुष मेला की दगडावर हरीण हवंच. जन्मभर ज्याच्यामागे बंदूक घेऊन फिरले तेच डोक्यावर घेऊन झोपतात.

क्लोव्हिस हाताची घडी घालून पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होता. मी विचारलं, विंडोजच कशावरून? त्याने खांदे उडवले. त्या खांद्यांशी मी एकोणीस वर्षं संसार केला. माझी आई गेली तेव्हा सगळं गाव येऊन काहीबाही बोलून गेलं, आणि हा मागच्या अंगणात लाकडं फोडत बसला. हिवाळाभर पुरतील इतकी फोडली. तोंडातून एक शब्द नाही. लाकडाशी बोलायचं असेल तर लाकडाशी लग्न करायचं होतंस, असं मी त्याला तेव्हा म्हणाले होते.

जाताना माझ्या टेबलावर मेपलची साखर लावलेला डोनट ठेवून गेला. मला साखर वर्ज्य आहे हे त्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ठेवला. लायलला दिला. लायल म्हणजे आमचा वाळू मारणारा. मी कापलेलं रबर दगडावर चिकटवलं की अक्षरांच्या जागी तो वाळूचा झोत मारतो आणि अक्षरं दगडात उतरतात. एका घासात खाल्ला त्याने.

३० सप्टेंबर, सोमवार

आता ज्याला त्याला मत फुटलं आहे.

अल्डोचं मत, दोष कॉम्प्रेसरचा, म्हणजे वाळूच्या झोताला हवा पुरवतो त्या यंत्राचा. अल्डो गालेत्ती मालक आहे, त्याचा आजा इटलीहून छिन्नी घेऊन आला होता, त्यामुळे त्याच्या मताला वजन आहे असं तो समजतो. म्हणे कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवे मिचमिचतात, तसाच काँप्युटरलाही धक्का बसत असणार. लायलचं मत, काँप्युटरला माझा आवाज सहन होत नाही. क्लोव्हिसचं मत आठवड्याला बदलतं. आधी विंडोज. मग मेमरीच्या पट्ट्या, त्या काढून दुसऱ्या घातल्या. मग पंखा. मग प्रोसेसरवर लावायचं ते राखाडी मलम, तेही पुसून नवीन लावलं, लहान मुलाच्या छातीला बाम लावतात तसं. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं चालतं, छोटी कामं होतात. मोठा दगड घेतला, पानाफुलांचं दाट काम आलं की त्याला झेपत नाही, आडवा.

आज सकाळी अल्डोने कॉम्प्रेसर बंद करायला लावला. सगळी शेड थांबली. करवत बंद, वाळू बंद, माणसं कॉफीचे पेले धरून माझ्या खोलीच्या दारात उभी, सर्कस बघायला आल्यासारखी. इतकी शांतता या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत पडदा निळा झाला. अल्डोने जाऊन कॉम्प्रेसर सुरू केला.

क्लोव्हिसला विचारलं, आता काय उरलं? तो जमिनीकडे बघत म्हणाला, एक गोष्ट आहे, पण तिची वेळ येऊ नये. कुठली गोष्ट? तर पेचकस गोळा करायला लागला. काही येत नसलं की माणसं असंच गूढ बोलतात.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज एक दगड गेला.

वेंडेल स्टॉडर्ड म्हणून एक म्हातारा शेतकरी. त्याच्या बायकोचा दगड चार वर्षांपूर्वी मीच केला होता, मुलीला बापाचा अगदी तसाच हवा होता, शेजारी शेजारी उभे करायला. तेव्हा मी बायकोचं काम पडद्यावर काढलं, नाव बदललं, तारखा बदलल्या. मशीन पडलं. परत उठवलं तर त्याने आपलं काम आहे तसं समोर ठेवलं. नाव बदललेलं दिसलं, मी कापायला सोडलं. नाव बदललेलं होतं. तारखा बायकोच्याच होत्या. पडण्याआधी तेवढंच जपून ठेवलं होतं त्याने.

लायलने वाळू मारली. अल्डो दगड धुवायला गेला तेव्हा त्याने वाचलं. दगडावर लिहिल्याप्रमाणे स्टॉडर्ड बायकोच्या दिवशी जन्मला आणि बायकोच्याच दिवशी मेला.

मी तपासायला हवं होतं. हे मला कोणी सांगायला नको. अल्डोने सांगितलंही नाही. तो ओरडत नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. रबराची चादर गेली तर फेकता येते. दगड गेला की तो उलटा करायचा आणि कुणाची तरी पायरी करायची, या गावात अर्ध्या घरांच्या पायऱ्या तशाच आहेत, कुणाचं ना कुणाचं नाव मातीकडे तोंड करून. माणसं रोज त्यावर बूट झटकतात.

अल्डो माझ्या खोलीत येऊन बसला. तो कधी बसत नाही.

"ओडेट, पंधरा नोव्हेंबरला दफनभूमी बंद होते. माती गोठली की मे महिन्यापर्यंत एक दगड उभा राहत नाही, आणि लोक मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत."

"माहीत आहे."

"तोवर अजून एक गेला, तर रबर मी खालच्या मोठ्या शेडकडून कापून आणणार. सगळेच आणतात आता. तुला काढणार नाही मी. दगड धुवायला ये."

दगड धुवायला. छप्पन्नाव्या वर्षी, जानेवारीत, नळी घेऊन. आठवीत शाळा सोडली आणि या खोलीत आले, त्यानंतर दुसरं काही शिकले नाही. दुसरं मला काही येत नाही. त्याची लाज वाटत नाही. भीती वाटते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

स्टॉडर्डचा दगड लायलने मागच्या आवारात नेला. म्हणाला, त्याच्या गॅरेजला पायरी हवीच होती. नालायक.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर माझी गाडी जॅकवर आणि तिच्याखालून क्लोव्हिसचे बूट. बर्फात चालायचे टायर. दर ऑक्टोबरला हेच. घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली, टायर माझ्या गॅरेजमध्ये असतात, किल्ली कुठल्या कुंडीखाली आहे ते त्याला माहीत आहे, आणि दर ऑक्टोबरला शेडच्या आवारात, सगळ्या माणसांसमोर, हा माझे टायर बदलतो. मी कधी सांगितलं नाही. त्याने कधी विचारलं नाही. मला त्याचा हेतू कळतो. गावाने बघावं, हिला एवढंही करून घेता येत नाही.

त्या बुटांना मी सांगितलं की टायर बदलून घ्यायची अक्कल मला आहे, आणि काँप्युटर मात्र अजून पडतोय, त्याकडे बघ आधी. गाडीखालून आवाज आला, उद्या बर्फ आहे.

ऑक्टोबरच्या मध्याला कसलं बर्फ. याला गाडीखाली झोपून आभाळ दिसतं वाटतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पडलं थोडं. दुपारी वितळलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हाताने कापून बघितलं. पूर्वी सगळं हातानेच व्हायचं, म्हातारी सिल्वी मला शिकवायची, सुरीची धार अंगठ्यावर कशी बघायची ते. वाटलं होतं हात विसरत नाहीत. विसरतात. डोळे तर आधीच विसरले. एक साधा एस कापायला घेतला, तो वरून बरा निघाला आणि खाली पोटात कळ आल्यासारखा वाकला. लायल म्हणाला, या किड्याला बरं नाहीय. अल्डोने बघितलं आणि टोपी घालून बाहेर गेला. म्हणजे मशीनशिवाय गती नाही. मशीन चाललं पाहिजे, नाहीतर नळी.

या आठवड्यात तीनदा पडलं. रबरच गेलं, दगड नाही. आता मी प्रत्येक तारीख कागदाशी ताडून बघते, मोठ्याने वाचून, आणि लायल पलीकडून आमेन म्हणतो.

२८ ऑक्टोबर, सोमवार

क्लोव्हिसची वाट बघत बसण्यात अर्थ नाही म्हणून आज मीच फोनला बसले. अल्डोला सांगितलं, मला आज कोणी हाक मारायची नाही.

आधी विंडोजवाले. अर्धा तास संगीत ऐकवलं आणि म्हणाले, भाग बनवणाऱ्यांना विचारा. प्रोसेसरवाले म्हणाले, आमचा माल चांगला आहे, मदरबोर्डवाल्यांना विचारा. मदरबोर्ड म्हणजे ती आतली मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसवतात. सगळे एकाच आईची लेकरं, चूल मात्र ज्याची त्याची वेगळी. तिसरा फोन मदरबोर्डवाल्यांना. तिथे टेक्ससमधली एक बाई भेटली, तिचं नाव यादिरा. तिला मी सुरुवातीलाच सांगितलं, दुसऱ्याला विचारा असं म्हणालात तर मी गाडी घेऊन तिकडे येईन. ती हसली. म्हणाली, इकडे गरम आहे, या.

तिने सांगितलं ती पडद्यावरची खिडकी उघडली आणि प्रोसेसरचं नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं. मग पाटीवरचं नाव हवं होतं. लायलचा पेचकस घेऊन मीच झाकण काढलं आणि टॉर्च धरून वाचलं. आत धूळ होतीच, हे लिहून ठेवते. पलीकडे कळफलक वाजत राहिला.

मग तिने सांगितलं. ही पाटी जुनी आणि हा प्रोसेसर नवा. पाटीच्या पोटात कारखान्यातून लिहून दिलेल्या सूचना असतात, कुठला प्रोसेसर ओळखायचा, त्याला किती वीज द्यायची, कसं वागवायचं. त्या सूचना लिहिल्या तेव्हा हा प्रोसेसर जन्मलाही नव्हता. म्हणून पाटी त्याला अर्धवट ओळखते. हलकं काम असलं की दोघांचं निभतं, भारी काम आलं की पाटी त्याला भलतंच काही देते आणि सगळं कोसळतं. विंडोजचा त्यात काही दोष नाही, शंभर वेळा नवीन घाला. सूचना नव्या भरायला हव्यात.

मी म्हणाले, असं कसं, तीन वर्षं हेच दोघं गुण्यागोविंदाने राहत होते.

"नाही, मॅडम. हा प्रोसेसर याच उन्हाळ्यात बाजारात आलाय."

मी पेचकस खाली ठेवला. म्हणजे ऑगस्ट. म्हणजे धूळ. मी मेनमध्ये बहिणीच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते आणि हा इथे माझ्या मशीनचं काळीज बदलून गेला. आमचा चांगला काढून नेला आणि तळघरातला कसला तरी आमच्यावर करून बघितला. माझ्या पोटावर प्रयोग. विचारलं तिला, भंगार आहे का? ती म्हणाली, उलट, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आणि महाग, असा न सांगता फुकट बसवून देणारा कोणी असेल तर त्याचा नंबर मलाही द्या.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. महागाची वस्तू सांगितल्याशिवाय कोण बसवतं? चोरीची असणार.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काम सुटल्यावर त्याच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तळघरात उतरले तर टेबलावर उघडलेले काँप्युटर, मासळीबाजारात मासे मांडतात तसे. मी कोट काढला नाही.

"तो प्रोसेसर चोरीचा आहे का?"

"नाही."

"मग कुठून आला?"

"विकत घेतला."

"कशाला?"

त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"जुना हळू होता. तूच म्हणायचीस."

"मी हवामानाबद्दलही म्हणते. ते पण बदलून देणार आहेस?"

मी यादिराचं सगळं सांगितलं, पाटी, सूचना, अर्धवट ओळख. त्याला काही नवीन वाटलं नाही. मान हलवत राहिला, आणि तिथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. याला ठाऊक होतं. सप्टेंबरपासून ठाऊक होतं, आणि मुकाट्याने विंडोज पुसत होता, मलमं लावत होता.

मग तो बोलला. इतकी वाक्यं सलग मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. या सूचना भरायला दहाएक मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वीज गेली तर पाटी कायमची मरते, तिचा दगड होतो. गेल्या वर्षी अग्निशमन ठाण्याच्या काँप्युटरवर त्याने हेच केलं, वादळाच्या दिवशी. सगळे म्हणाले, चिंता कसली, ठाण्याला जनरेटर आहे. जनरेटर होता. वीज गेल्यावर दहा सेकंदांत सुरूही झाला. त्या दहा सेकंदांतच पाटी मेली. तेव्हापासून ठाण्यावरची पोरं त्याला 'गवंडी' म्हणतात, आणि तेव्हापासून त्याने या कामाला हात लावलेला नाही. जे चालतंय त्याच्या सूचना बदलायच्या नाहीत, असा त्याच्यासारख्या सगळ्यांचाच नियम असतो म्हणे. म्हणून त्याला वाटलं होतं की सुरू झाला ना, मग चालेल. सुरू झाला म्हणजे पटलं.

मी विचारलं, म्हणजे घाबरलास. तो म्हणाला, हो.

मला कीव आली नाही, हे इथे लिहून ठेवते. रविवारी शेड बंद असते, त्या दिवशी कर, असं सांगितलं आणि निघाले. बाहेर आले तर गाडीच्या काचेवरचं दव कोणी पुसलेलं नव्हतं. तो तळघरातच होता, कसा पुसणार. काय लिहितेय मी हे.

३ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहिते.

अल्डोने किल्ली दिली आणि चर्चला गेला. क्लोव्हिसने ग्रंथालयातून बॅटरीचा एक डबा मागून आणला होता, वीज गेली तरी काही मिनिटं चालू ठेवतो असा. गेल्या वर्षी हा डबा का सुचला नाही, असं विचारायचं होतं. नाही विचारलं. वारा होता. पत्रे वाजत होते.

काँप्युटर उघडण्याआधी त्याने कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची चपटी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत आमचा जुना प्रोसेसर.

"हवा असेल तर हाच परत बसवतो. अर्ध्या तासाचं काम. पहिल्यासारखं होईल. हळू, पण पडणार नाही."

"आणि नव्या सूचना भरल्या तर?"

"मग पाटी याला ओळखणार नाही. जुन्यांची नावं काढून टाकतात त्यातून, जागा करायला. मग मागे येता येणार नाही."

मी त्या डबीकडे बघितलं. मग त्याच्या कोटाकडे. हाच कोट तो सप्टेंबरपासून घालून येतोय. अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक वेळी तो या खुर्चीत बसला, पट्टी सरकताना बघत, तेव्हा हे त्याच्या छातीशी होतं.

शहाण्या बाईने जुना बसवून घेतला असता. मी म्हणाले, नवाच ठेव. मला सकाळी ताटकळत बसायची आता सवय राहिली नाही, एवढंच कारण. दुसरं काही नाही.

त्याने सगळं जुळवलं, बटण दाबलं, पडद्यावर पट्टी आली, खाली लिहिलेलं, बंद करू नका. मग तो उठला आणि म्हणाला, मला बघवत नाही. आणि खरंच बाहेर गेला, मोठ्या करवतीपाशी पाठ करून उभा राहिला. पुरुष म्हणे. मीच बसले. कुठेही हात न लावता, हात मांडीवर. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा दिवे गेले. सगळी शेड काळी, फक्त पडदा उजळ, आणि टेबलाखाली तो डबा ओरडायला लागला, पायाखाली मांजर आल्यासारखा. बाहेर क्लोव्हिसने काहीतरी खाली पाडलं. मी त्याला ओरडून सांगितलं, जागचा हलू नकोस. कशासाठी, माहीत नाही. त्याच्या हलण्याने पट्टी थांबणार नव्हती.

दिवे आले. पट्टी चालतच होती. शेवटाला गेली, काँप्युटर आपणहून बंद झाला, बराच वेळ काही नाही, मग एक बारीक टिक, आणि माझं सगळं काम पडद्यावर परत आलं, हरणं, मासे, सगळे जागच्या जागी.

मी हाक मारली नाही. तो आपण होऊन दारात आला आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. म्हणाला, बरं. आणि डबा उचलायला वाकला.

मी स्टॉडर्डचं अख्खं काम लावलं, सगळ्यात दाट. तारखा तीनदा वाचल्या. पातं शेवटपर्यंत गेलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर एकदाही नाही. अकरा दगड. अल्डोने दोन वेळा येऊन पडद्याकडे बघितलं, त्यात काय दिसणार होतं त्याला. आज म्हणाला, खालच्या शेडला फोन करून सांगितलंय की गरज नाही. मी म्हणाले, बरं. माझ्या तोंडून तो शब्द आला याचा राग आला, तो कुणाकडून आलाय ते मला माहीत आहे.

खोली राहिली. आता शांत वाटायला हवं होतं. वाटत नाही. रक्तदाब मोजला, चढलेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

स्टॉडर्डचा दगड आज उभा राहिला, बायकोच्या शेजारी. माती वरून कडक झालीय, माणसांना पहारीने फोडावी लागली. मुलीने दोन्ही तारखांवरून हात फिरवला. मी गाडीतच बसून होते.

परत आले तर क्लोव्हिस शेडमध्ये. म्हणाला, सहज आलो, चालतंय ना बघायला. चालत होतं. बघून झालं तरी उभा. मग निघाला. मी त्याच्या ट्रकसमोर जाऊन उभी राहिले. लायल फोर्कलिफ्टवरून बघत होता, त्याला बघू दिलं.

मी म्हणाले, तू माझ्या मशीनमध्ये महागाची वस्तू बसवलीस आणि मला धूळ सांगितलीस. मशीन पडायला लागलं तेव्हा अर्ध्या तासात थांबवता आलं असतं, जुना तुझ्या खिशात होता. अल्डो मला नळी द्यायला निघाला होता ते तुला माहीत होतं, सगळ्या शेडला माहीत होतं. तरी तू बोलला नाहीस. चूक झाली हे सांगायला घाबरलास असं म्हणशील, तर ते मी ऐकून घेतलंय, तुझ्या तळघरात. ते अर्धंच आहे. घाबरणारा माणूस जुना गुपचूप परत बसवून गेला असता, मला कळलंही नसतं. तू तेही केलं नाहीस. माझं सगळं जायची वेळ आली तरी नवा तिथून काढला नाहीस.

त्याने तोंड उघडलं. मी म्हणाले, आत्ता नको. आत्ता तू व्होल्टेजबद्दल काहीतरी बोलशील.

घरी येऊन विचार केला, मी हे सगळं त्याला का ऐकवलं. मशीन चालतंय, खोली आहे, मला काय करायचंय. पण कारण कळल्याशिवाय मी दुसरा निळा पडदा सोसणार नाही, पडद्यावरचा असो नाहीतर कुठलाही. एवढंच आहे. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मी असं म्हणालेच नाही असं होणार नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी घरी आहे. समोरच्या दाराने यायचं, कुंडीखालची किल्ली घ्यायची नाही, घंटा वाजवायची. हातात काही आणायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही, गाडीखाली जायचं नाही. खुर्चीत बसायचं आणि मला सांगायचं, क्लोव्हिस, तो माझ्यासाठी का घेतलास, आणि घेतलास तर बोलला का नाहीस. पूर्ण वाक्यांत. गुरुवारपर्यंत.